सिस्टरबाईंचं औषध

मी आयुष्यभर काय काम केलं हे माझ्या सख्ख्या भावाला अजून सांगता येत नाही. कोणी विचारलंच तर तो म्हणतो, "ताई चर्चमध्ये असते," आणि लगेच चहा मागवतो. त्याचा दोष नाही. मी ईश्वरविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच तीन वर्षांत मानसिक समुपदेशनाचं प्रशिक्षणही पुरं केलं. दोन्हीकडे पास झाले. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं पुष्कळ वर्षं चाललं.

बाहेरच्या माणसासाठी जरा उलगडून सांगते. ईश्वरविज्ञानात पाप म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय, भल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं, यावर शेकडो वर्षं झालेले वाद अभ्यासावे लागतात. शेवटी विद्यार्थ्याकडे प्रत्येक प्रश्नाची चार-पाच उत्तरं तयार असतात. समुपदेशनाचं नेमकं उलटं. तिथे पहिल्याच दिवशी सांगतात, उत्तर द्यायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे आणि त्याचं उत्तर त्यालाच सापडेपर्यंत दम धरायचा. म्हणजे सकाळच्या तासाला मी उत्तरं गोळा करत असे आणि दुपारच्या तासाला ती गिळायला शिकत असे. ईश्वरविज्ञानाचे सर म्हणायचे, "तुमची श्रद्धा पातळ होत चाललीय." समुपदेशनाच्या बाई म्हणायच्या, "तू फार प्रवचन देतेस." दोघांनीही मला वरच्या वर्गात ढकललं. आपल्या हातून सुटली, दुसरा बघून घेईल, असा दोघांचाही विचार असावा.

मग मला बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याला पाठवलं. तिथे आमची पंचवीसेक घरांची मंडळी होती, एक छोटं चर्च होतं आणि त्याला लागून दोन खोल्या. माझे आजोबा याच जिल्ह्यातल्या जानेफळचे, पण वडील नोकरीसाठी पुण्याला गेले आणि मी तिथेच वाढले. पुण्यात आजोबा बोलायला लागले की शेजारचे हसत. मोताळ्यात मी बोलायला लागले की लोक हसत, आणि मला वाटतं त्यांच्याकडे कारण जास्त चांगलं होतं.

मी खोलीवर पाटी लावली, 'समुपदेशन केंद्र'. हा शब्द ज्याने कोणी बनवला त्याला मी अजून माफ केलेलं नाही. ज्या धंद्यात उपदेश करायला सक्त मनाई आहे, त्याच्या नावातच अख्खा उपदेश बसवलेला. पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ विचारायला आले की उपदेश किती वाजता सुरू होतो आणि बायकांना वेगळं बसायची सोय आहे का.

दुसरी अडचण माझ्या हुद्द्याची. मंडळीतले लोक मला 'सिस्टर' म्हणत, ते धर्मभगिनी या अर्थाने. बाजारपेठेतल्या लोकांनी तेच ऐकलं आणि त्यांना दवाखान्यातली सिस्टर ऐकू आली. लोक आत येत, बसत आणि जीभ बाहेर काढत. एक आजी तर रोज बाही वर करून दंड पुढे करायच्या आणि सुई मिळाली नाही की रागाने निघून जायच्या. मी लोकांचा धर्म बदलायला आले आहे अशी शंका काहींना होती, पण मला आमच्या स्वतःच्या मंडळीलाच रविवारी वेळेवर जमवता येत नाही हे पाहून त्यांनी ती आपसूक सोडली.

समोरच्याचे शब्द त्याला परत देण्याची माझी विद्या पहिल्यांदा चालवली ती एका म्हाताऱ्या बाबांवर. ते म्हणाले, "घरात मले कोनी इचारत नाई."

मी म्हणाले, "घरात तुम्हाला कोणी विचारत नाही असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाई, बाई. इचारतच नाई."

"म्हणजे कोणी विचारतच नाही."

बाबांनी काठी हाती घेतली. मग उठले आणि बाहेर झाडलोट करणाऱ्या योहानभाऊंना म्हणाले, "या बाईले कमी आयकू येते का हो? म्या तेच सांगून राह्यलो, आन ते बी तेच सांगून राह्यली."

योहानभाऊ म्हणजे चर्चची देखभाल करणारे गृहस्थ. शिक्षण चौथी, पण मोताळ्यात मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्यांनी शिकवलं. त्यांनीच सांगितलं, "सिस्टर म्हनतात तं सिस्टर व्हा ना. बीपीचं मशीन आना एक." मी आधी खूप तात्त्विक हरकती घेतल्या. मग सरकारी दवाखान्यातल्या खऱ्या सिस्टरकडून बीपी घ्यायला शिकले आणि मशीन आणलं. त्या दिवसापासून माझा धंदा चालायला लागला.

आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत आहे. मन बरं नाही असं सांगायला कोणी येत नाही. बीपी पाहायला मात्र कोणीही येतं. दंडाला पट्टा बांधला की माणसाला उठता येत नाही, फुगा दाबेपर्यंत काही काम नसतं, आणि शिवाय कुणीतरी आपला हात धरलेला असतो. माणूस बोलायला लागतो. "करमत नाई," "जीव घाबरा होते," "घास खाली उतरत नाई," असं करत करत मुद्द्यावर येतो. मी पट्टा सोडायला उशीर करायला शिकले. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर माझं सगळ्यात उपयोगी कौशल्य हे.

आता त्या हिवाळ्याबद्दल सांगते. मोताळ्यातला माझा पहिलाच.

बाजाराचा दिवस होता. पंचविशी-तिशीची एक बाई आली. नाव सुजाता इंगळे. तिच्या नवऱ्याचं, गौतमचं, त्यांच्या गावात कृषी सेवा केंद्र होतं, म्हणजे बी-बियाणं, खतं, फवारे यांचं दुकान. तिला बीपी दाखवायचं नव्हतं. हातातली कापडी पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि पिशवीवरचा हात न काढता बोलायला लागली.

"आमचे हे दुकानात जाऊनच नाई राह्यले. भिताडाकडं तोंड करून पडून राह्यतात. बोलत नाईत, जेवत नाईत."

मला मनातून आनंद झाला, हे कबूल करते. पुस्तकात छापल्यासारखी लक्षणं होती, आणि पहिल्यांदाच कोणी पट्ट्याशिवाय माझ्याकडे आलं होतं.

"पंधरा रोज झाले, यायनं औषध आनून ठेवलं घरी," ती म्हणाली. "कपाटाच्या मांगं लपवून ठेवलं. मले झाडताना दिसलं."

मला आणखी बरं वाटलं. म्हणजे नवरा डॉक्टरकडे जाऊन आला होता. खेड्यापाड्यातला माणूस आपणहून मनाचं औषध आणतो आणि लाजेपोटी कपाटामागे लपवतो. मानसिक आजाराची लाज यावर आम्हाला एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्यावरचा माझा निबंध वर्गात वाचून दाखवला गेला होता. मी खुर्चीत पुढे सरकले आणि सल्ला द्यायचा नाही हा नियम विसरून म्हणाले,

"औषध लपवायचं काही कारण नाही, सुजाताबाई. त्यात लाजण्यासारखं काय आहे? चांगलं उघड्यावर, त्यांच्या हाताशी ठेवा. आणि वेळच्या वेळी घेतात की नाही ते बघा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी थोडी पुढे सरकवत म्हणाली, "म्या संगंच आनलं होतं..."

मला वाटलं वांगी असतील. लोक वांगी आणत. मी म्हणाले, "नको नको, हे तुमच्या घरीच असू द्या."

ती उठली. पिशवी घेतली. दारात एकदा वळून पाहिलं आणि गेली.

मी इतकी खूश होते की योहानभाऊंना सगळं सांगितलं. समोरच्याने सांगितलेलं कोणाला सांगायचं नाही हा आमच्या व्यवसायाचा पहिला नियम. तो मी पहिल्याच हिवाळ्यात मोडला आणि मोडला म्हणूनच पुढचं सगळं घडलं. त्यामुळे नवीन मुलींना मी तो नियम शिकवते तेव्हा माझा आवाज जरा खाली जातो.

योहानभाऊंच्या हातातला झाडू थांबला.

"औषध म्हंजे काय समजल्या तुमी, बाई?"

"गोळ्या. मनाच्या."

"इकडं गोळ्यायले गोळ्या म्हनतात. औषध म्हंजे फवाऱ्याचं." मग हळू आवाजात म्हणाले, "त्याचं दुकान भरून पडलं हाये त्यानं. घरी कायले पाहिजे त्याले? आन आता फवारनी हाये का? कापूस वेचून झाला."

मी काय बोलून बसले होते ते मला एकदम सगळं ऐकू आलं. उघड्यावर ठेवा. हाताशी ठेवा. वेळच्या वेळी घेतात का बघा.

आम्ही धावत एसटी स्टँडवर गेलो. मी चप्पल घालायची विसरले हे तिथे पोचल्यावर कळलं. बाजाराची गर्दी होती, गाठोडी, कोंबड्या, भांडणं, आणि एका बाकाच्या टोकाला सुजाता पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या गावची एसटी यायची होती. एसटीच्या उशिराला मी आयुष्यात पुष्कळ बोल लावले आहेत, त्या दिवसाचा उशीर सोडून.

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. म्हणाले, "सुजाताबाई, मी चुकले. मला कळलंच नाही. ती पिशवी मला द्या."

ती पिशवी सोडेना. म्हणाली, "म्या इचारच करून राह्यली होती. का बाई एवढी शिकेल हाये, सांगून राह्यली तं काई तरी कारन असन. हाताशी ठेवा म्हनली, तं ठेवा लागन." आणि मग तिचा बांध फुटला.

ती पुढे मला कितीदा तरी भेटली, पण तिने ही गोष्ट कधी काढली नाही. मी मात्र विसरलेले नाही. माझं अज्ञान एवढं घातक नव्हतं. घातक होती ती माझ्या शिक्षणावरची तिची श्रद्धा. नंतरच्या वर्षांत असेही दोघं आले ज्यांच्या वेळी एसटी वेळेवर आली. त्यांच्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

त्यांना एकटं सोडू नका आणि बीपीच्या निमित्ताने इकडे घेऊन या, एवढं सांगून सुजाताला एसटीत बसवलं आणि पिशवीतली औषधाची बाटली घेऊन आम्ही परत आलो. ती ठेवायची कुठे? कुलूप असलेलं एकच कपाट होतं. मी त्यात ठेवली आणि हुश्श करून बसले. संध्याकाळच्या आत योहानभाऊ पांढरेफटक होऊन आले. कपाट प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत सगळी मंडळी ज्यातून द्राक्षरसाचा घोट घेते त्या, प्याल्यांचं होतं, आणि बाटली मी द्राक्षरसाच्या बाटलीशेजारी उभी केली होती. "बाई," ते म्हणाले, "एक मानूस वाचवाचा म्हनून बंदीच्या बंदी मंडळी मारता काय?" बाटलीची विल्हेवाट त्यांनी लावली. किल्ली माझ्याकडून काढून घेतली ती मी निवृत्त होईपर्यंत परत दिली नाही.

चार दिवसांनी सुजाता नवऱ्याला घेऊन आली, बीपी दाखवायला म्हणून. गौतम इंगळे तिशीपुढचा, कृषीची पदवी घेतलेला, इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली. मी पट्टा बांधला. आणि या वेळी मी निबंध बाजूला ठेवून सरळ विचारलं, "गौतमभाऊ, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?"

त्याने मान खाली घातली आणि "हाव" म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्यांच्या वस्तीतला तो पहिला दुकानदार. वस्ती बौद्धांची, गाव मोताळ्यापासून दहा-बारा किलोमीटर. दुकानाच्या उद्घाटनाला अख्खी वस्ती ट्रॅक्टरमध्ये बसून आली होती. तेव्हा बीटी कपाशी नवीन होती. बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच असतो, अळीसाठी फवारा लागत नाही, असा तिचा बोलबाला होता. पाकिटांसाठी रांगा लागत आणि मिळत नसत. अशा वेळी एक माणूस त्याच्याकडे बिनपावतीची पाकिटं घेऊन आला, बीटीच आहे म्हणाला. गौतमला शंका आली होती. पण वस्तीतली अकरा घरं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि पेरणी तोंडावर आली होती. त्याने पाकिटं घेतली, अकरा घरांना दिली आणि वर छातीवर हात ठेवून सांगितलं, अळी येणार नाही, माझी गॅरंटी. अळी आली. गॅरंटी असल्यामुळे लोकांनी वेळेवर फवारलंही नाही. अकराही घरांची बोंडं पोकळ निघाली.

"मले शंका आलती, बाई," तो म्हणाला. "हे कोनाले म्हाईत नाई. मले म्हाईत हाये."

पुढचे पाच-सहा आठवडे तो दर बाजाराच्या दिवशी येत राहिला. सुजाता रात्रंदिवस त्याच्यावर नजर ठेवून होती. दुकानाची किल्ली तिने आपल्या माहेरी दिली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडेही मी त्याला पाठवलं, त्यांनी खरोखरच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी थोडी झोप यायला लागली. पण डोळ्यांत काही हलत नव्हतं.

मी माझं सगळं दुकान उघडलं. "तुम्हाला फार अपराधी वाटतंय," म्हणाले. तो "हाव" म्हणाला. "तुम्ही स्वतःला फार कठोर शिक्षा करताय," म्हणाले. तो "हाव" म्हणाला. मग समुपदेशन संपलं, म्हणून ईश्वरविज्ञान काढलं. क्षमेबद्दल बोलले. क्षमा मिळवावी लागत नाही, ती मिळालेलीच असते, वगैरे. त्यावर माझा प्रबंध होता, एकशेचाळीस पानांचा.

गौतमने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं बरं हाये, बाई. तुमच्यात देव माफ करते. आमी तं देव मानत नाई. मंग मले माफ कोन करन?"

एकशेचाळीस पानांत याचं उत्तर नव्हतं. मी पट्ट्याचा फुगा दाबत बसले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं माझं चाललं होतं. त्यालाही ते कळत असावं. मला वाईट वाटू नये म्हणून तो येतो की काय, असा मला संशय यायला लागला होता.

बहुतेक सहाव्या खेपेला मी थकून साधंच विचारलं, "गावात काय म्हणतात लोक?"

"काईच नाई." आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "कोनीच काई म्हनत नाई, बाई. जय भीम साहेब म्हनतात, चहा पाजतात. जाऊ द्या साहेब, नशीब म्हनतात. अकरा घरं बुडवले म्या, मले एक शिवी बी कोनी दिली नाई. परके झालो म्या त्यायले."

मी पट्टा सोडला. आपल्या माणसाला माणूस शिव्या देतो, परक्याला सांभाळून घेतो. आपल्यातला पहिला दुकानदार पडू नये म्हणून अख्खी वस्ती त्याला सांभाळून घेत होती, आणि त्या सांभाळण्याने तो मरायला टेकला होता.

मी विचारलं, "त्यांच्यासमोर जाऊन हे सांगाल? शंका होती, तेसुद्धा?"

त्याने बाही खाली ओढून बटण लावलं. मग म्हणाला, "तुमी संगं येता का?"

अशा माणसाला अशा जागी घेऊन जाणं हे माझ्या प्रशिक्षणात कुठेच बसत नव्हतं. तिथे लोक पुन्हा "जाऊ द्या साहेब" म्हणाले असते तर तो कायमचा भिंतीकडे वळला असता. आणि भलतंच काही बोलले असते तर काय, हा विचार करून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सुजाताला विचारलं. ती म्हणाली, "अशेबी जगून नाई राह्यले, बाई. चाला."

सकाळी अकराला आम्ही वस्तीतल्या विहारात पोचलो. योहानभाऊही आले, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. मी आधी निरोप देऊन खुर्च्या गोल मांडून ठेवायला सांगितल्या होत्या, कारण गटाशी बोलताना सगळे समान पातळीवर असावेत असं आम्हाला शिकवलेलं. खुर्च्या होत्या गोल. त्यात कोणी बसलं नाही. पुरुष भिंतीला टेकून बसले, बायका दुसऱ्या भिंतीला, आणि त्या रिकाम्या गोलात मी एकटी. मी 'भावना मोकळेपणाने व्यक्त करण्याविषयी' पाच मिनिटं बोलले. एक बाळ रडायला लागलं, त्याचा मला आधार वाटला.

मग गौतम उभा राहिला आणि त्याने सांगितलं. पाकिटं बिनपावतीची होती. त्याला शंका आली होती. तरी त्याने छातीवर हात ठेवला. काही गाळलं नाही, कपाटामागची बाटलीसुद्धा.

मग एक म्हातारे गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "जाऊ द्या साहेब. होते असं." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. "नशीब आपलं."

मी गौतमच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावरून काहीतरी मिटून जात होतं. सुजाताने माझं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात बायकांच्या भिंतीकडून एक बारकुडी म्हातारी उठली. गौतमची सरूआत्या, त्याच्या वडिलांची बहीण. अकरा घरांतलं एक तिचं.

"कोनाचा साहेब, बे?" ती त्या गृहस्थांवरच घसरली. "याचं नाक म्या पुसलं, आन तुमी साहेब म्हनून राह्यले?" मग गौतमकडे वळली. "तुले काय वाटलं बे, गौत्या, आमाले काई झालंच नाई? माया दोन एकरात एक बोंड धड नाई निघालं. पोट्टीचं लगन म्या फुडं ढकललं. पाकीट उलटून नाई पायलं आमी, काऊन? तू कंपनीचा मानूस होता का? तू आमचा होता म्हनून. शंका आलती म्हनते. तोंडात गू धरला होता का मंग? तुया बाप असता तं चपलीनं मारलं असतं तुले भर बजारात."

ती बोलत राहिली. पाव तास तरी. मधल्या बऱ्याच शब्दांचे अर्थ मला आजही माहीत नाहीत आणि योहानभाऊंनी विचारूनही सांगितले नाहीत. गौतम उभा होता, हात जोडलेले, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग ती दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, "आन जीव द्यायले निघाला होता म्हने. दे. पन आंधी माया वावरातली पऱ्हाटी उपटून दे. मंग काय मराचं ते मर."

काय कधीही बोलू नये याची एक यादी आम्हाला दिली होती. तिच्यात हे वाक्य सगळ्यात वर होतं. मी उठायला गेले. योहानभाऊंनी मागून माझा पदर ओढला आणि मला खाली बसवलं.

गौतमने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"कव्हा येऊ, आत्या?"

"उद्या सक्काळी. आन माया एकलीच्याच नाई. बंद्यायच्या वावरात जाशीन. अकराच्या अकरा."

कापूस संपला की झाडाचे वाळके सोट शेतात उभे राहतात. तीच पऱ्हाटी. ती मुळासकट उपटावी लागते, हाताने, वाकून. उपटून जळणाला नेतात. गौतमने अकरा शेतांतली उपटली. महिनाभर लागला. मी अधूनमधून जायची. एकदा उत्साहाने मीही हात लावला आणि दहा मिनिटांत तळव्याला फोड आणून बांधावर बसले. सरूआत्या म्हणाली, "तू बसून राय, व माय. तुले तेच जमते."

आत्याने तोंड उघडलं आणि सगळ्यांची तोंडं उघडली. ज्याचं शेत असेल तो घरधनी बांधावर उभा राहून मनातलं सगळं बोलून घ्यायचा. कोणी एका दिवसात आटपलं, कोणी तीन दिवस पुरवून पुरवून बोललं. एकाने मात्र शेवटपर्यंत तोंड फिरवून ठेवलं. तो गौतमशी पुन्हा कधीच बोलला नाही, आणि गौतमने त्याच्या शेतातली पऱ्हाटी सगळ्यात निगुतीने काढली.

अकरावं शेत विहारात "जाऊ द्या साहेब" म्हणालेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. मी आणि सुजाता भाकरी घेऊन बांधावर बसलो होतो. म्हातारबाबा काठी टेकत आले, उपटलेल्या ओळीवर नजर टाकली आणि खणखणीत आवाजात ओरडले, "अबे गौत्या, मुळी आतच राह्यली न बे. डिगरी कोनी देली तुले? नीट उपट."

शेताच्या त्या टोकाला गौतम सरळ उभा राहिला. कमरेवर हात ठेवले आणि मोठ्याने हसला.

माझ्या शेजारी सुजाताने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तिला आता कसं वाटतंय, हे विचारायची आमच्यात पद्धत आहे. माझ्या तोंडात तो प्रश्न तयार होता. मी तो गिळला आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिले.